पुरावा दाव्याला पेलतो का? लोकमान्यांचं ‘आर्क्टिक होम’ वाचताना

या मालेतल्या मागच्या काही व्याख्यानांत आपण युक्तिवाद कसा ओळखायचा, प्रतिज्ञा कुठली आणि हेतू कुठला हे कसं वेगळं करायचं, हे पाहिलं. आज एक पाऊल पुढे जाऊ. लेखकाने दावा केला, पुरावाही दिला. मग तो पुरावा त्या दाव्याला पुरतो का, हे कसं ठरवायचं? हे नुसतं तत्त्व म्हणून सांगितलं तर डोक्यावरून जातं, म्हणून एक पुस्तकच घेतो. लोकमान्य टिळकांचं ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’, १९०३ सालचं.

हेच पुस्तक का? कारण त्याच्याविषयी बोलणाऱ्या शंभर जणांपैकी नव्वद जणांनी ते वाचलेलं नसतं. एक गट म्हणतो, लोकमान्यांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. दुसरा गट ‘उत्तर ध्रुव’ हा शब्द ऐकूनच हसतो. दोघंही निष्कर्षाकडे बघून निकाल देतात, पुराव्याकडे कुणीच बघत नाही. मला विचाराल तर हसणारा आणि हात जोडणारा, दोघं एकाच बाकावर बसलेत. आज आपण त्या बाकावरून उठायचं आहे.

आधी पुस्तक काय म्हणतं ते नीट मांडू, कारण समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आलं नाही, तर टीका करण्याचा अधिकार पोचत नाही. आपल्याकडे पूर्वपक्ष आधी मांडायची रीत आहे ती याचसाठी.

टिळकांना १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली. तुरुंगात असताना मॅक्स म्युलरनी त्यांना ऋग्वेदाची आपली आवृत्ती पाठवली होती. सुटका १८९८ मध्ये झाली, त्या वर्षाच्या अखेरीस ग्रंथाचं बरंचसं लेखन झालं आणि तो छापून आला १९०३ मध्ये. दावा असा: वैदिक लोकांचे पूर्वज शेवटच्या हिमयुगाच्या आधी उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात राहत होते. तेव्हा तिथलं हवामान सौम्य होतं. पुढे बर्फ आलं, ती भूमी राहण्याजोगी उरली नाही, आणि इसवी सनापूर्वी ८००० च्या सुमारास ते तिथून बाहेर पडले. त्या घराची आठवण वेदांत आणि अवेस्तात शिल्लक आहे.

अमेरिकेतल्या विल्यम वॉरन यांनी १८८५ सालीच मानवजातीचं मूळ उत्तर ध्रुवावर शोधणारं पुस्तक लिहिलं होतं, आणि टिळकांना ते माहीत होतं. पण टिळकांची पद्धत जास्त काटेकोर आहे, आणि ती दाद देण्याजोगी आहे. वेदातली वचनं काढायच्या आधी ते एका स्वतंत्र प्रकरणात ध्रुवीय प्रदेशाची ओळखचिन्हं सांगतात. अगदी ध्रुवावर वर्ष म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. तारे उगवत-मावळत नाहीत, क्षितिजाला समांतर फिरतात. पहाट कित्येक आठवडे चालते. ध्रुवाच्या थोडं खाली आलात की वर्षाचे तीन भाग होतात: एक लांब रात्र, एक लांब दिवस, आणि मधे आपल्यासारखे रोजचे दिवस-रात्र. मग ते म्हणतात, ही चिन्हं वेदात सापडतात का पाहू. आधी कसोटी लिहून ठेवायची आणि मग सोनं घासायचं. गणिताच्या माणसाची शिस्त आहे ही. आजच्या पुष्कळ लेखकांत ती दिसत नाही, हेही सांगून ठेवतो.

आता युक्तिवादाचा साचा बघा. मीमांसकांचं जुनं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. देवदत्त चांगला धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. अर्थात तो रात्री जेवतो. ही अर्थापत्ती. जे दिसतंय ते दुसऱ्या कोणत्याही प्रकारे जुळत नाही, म्हणून न दिसणारी गोष्ट मानावी लागते. टिळकांचं सगळं पुस्तक ही एक लांबलचक अर्थापत्ती आहे: ही वैदिक वचनं ध्रुवीय घर मानल्याशिवाय जुळत नाहीत, म्हणून ते घर मानलं पाहिजे.

अर्थापत्तीचा सगळा भार ‘दुसऱ्या कोणत्याही प्रकारे नाही’ या शब्दांवर असतो. देवदत्त रात्री जेवतो, हे कधी सिद्ध होतं? तो खरंच दिवसा जेवत नाही हे पक्कं असेल तर, आणि अंगावर सूज नसून खरोखरच बाळसं असेल तर. म्हणजे दोन प्रश्न. जे ‘दिसतंय’ म्हणता ते खरंच दिसतंय का? आणि दुसरा मार्ग खरंच बंद आहे का? यात मी तिसरा जोडतो. पुरावे अनेक असतील, तर ते एकमेकांशी जुळतात का?

पहिला प्रश्न घेऊ. वचन खरंच तेच म्हणतंय का?

ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातलं बारावं सूक्त इंद्राचे पराक्रम सांगतं. डोंगरात लपलेला शंबर इंद्राला सापडला, ‘चत्वारिंश्यां शरदि’. सरळ अर्थ, चाळिसाव्या शरदात, म्हणजे चाळिसाव्या वर्षी. शरद म्हणजे वर्ष, हे काही नवीन नाही. शंभर शरद जगावं अशी प्रार्थना आपण आजही म्हणतो. टिळक हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवतात. चाळिसाव्या तिथीला, शरद ऋतूत, असा अर्थ करतात. म्हणजे शरदाच्या चाळिसाव्या दिवशी लांब रात्र सुरू झाली. व्याकरणाने हे अगदीच अशक्य आहे का? नाही. पण दोन्ही शब्द एकाच विभक्तीत, एकाच लिंगात, शेजारी शेजारी बसलेले असताना त्यांना तोडून मधे ‘तिथी’ हा न लिहिलेला शब्द घालायचा, तर त्याला कारण लागतं. आणि कारण काय? तर ध्रुवीय रात्र. अहो, जे सिद्ध करायचं आहे त्याच्याच आधारावर पुराव्याचा अर्थ लावला, तर तो पुरावा राहिला कुठे? आपल्याच दुकानाची पावती आपणच फाडल्यासारखं झालं.

दुसरं उदाहरण, ‘गवामयन’ हे सत्र. ऐतरेय ब्राह्मणात कथा आहे. गाईंनी खूर आणि शिंगं मिळावीत म्हणून सत्र मांडलं. दहाव्या महिन्यात ती मिळाली. काही गाई तिथेच उठल्या, काही वर्ष पुरं करायला बसून राहिल्या. टिळक म्हणतात, ही दहा महिन्यांच्या सूर्यप्रकाशाच्या वर्षाची आठवण आहे; उरलेले दोन महिने रात्र.

इथे मी टिळकांनाच टिळकांसमोर उभं करतो. पुढे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच ते विचारतात, ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवायचं? आणि मीमांसकांच्या कसोट्या देतात: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. यातला अर्थवाद म्हणजे विधीची स्तुती करण्यासाठी किंवा त्याचं कारण सजवण्यासाठी आलेला मजकूर. तो शब्दशः इतिहास म्हणून घ्यायचा नसतो. गाईंच्या शिंगांची कथा ही अर्थवादाचा नमुना म्हणून वर्गात शिकवावी अशी आहे. सत्र दहा महिन्यांनी संपवलं तरी चालतं आणि बारा महिने चालवलं तरी चालतं, या दोन्ही प्रथांना आधार म्हणून ती आली आहे. कथेतल्या दहा या आकड्यात जुनी आठवण असेलही. पण अर्थवादातून इतिहास काढायला वेगळा, स्वतंत्र आधार लागतो. ‘गीतारहस्या’ची कसोटी ‘आर्क्टिक होम’ला लावली तर पुराव्याचा बराच भाग या खणातून त्या खणात जातो.

आता दुसरा प्रश्न. दुसरा मार्ग बंद आहे का?

दहाचाच आकडा घ्या. मूल आईच्या पोटात दहा महिने राहतं, असं ऋग्वेदच पाचव्या मंडलात सांगतो. गाईचा गाभणकाळ साधारण नऊ-साडेनऊ महिन्यांचा; म्हणजे वासरू दहाव्या महिन्यात, खुरांसकट बाहेर येतं. कथा गाईंची, आकडा दहाचा, लाभ खुरांचा. हेच उत्तर, असं मी म्हणत नाही हं. मी एवढंच म्हणतो, की हा पाहुणा दारात उभा आहे. त्याला ‘तू का नाहीस’ असं विचारल्याशिवाय ध्रुवाला आत घेता येत नाही.

मग उषा. हे टिळकांचं सगळ्यात जोरदार प्रकरण, आणि वाचायला सुंदर. ऋग्वेदात उषा पुष्कळदा बहुवचनात येते. तैत्तिरीय संहितेत तीस बहिणी-उषा आहेत. टिळक म्हणतात, ही तीस दिवस चाललेली एकच ध्रुवीय पहाट. यास्कांनी ते बहुवचन आदरार्थी मानलं होतं. टिळकांना ते पटत नाही, आणि त्यांची हरकत वाजवी आहे, कारण प्रत्येक ठिकाणी आदर म्हणून भागत नाही. पण आदर गेला म्हणजे ध्रुव आला, असं होत नाही ना. तीस हा महिन्याच्या दिवसांचा आकडा आहे. रोज येणाऱ्या, एकामागून एक गेलेल्या पहाटा, हा अर्थ समोर आहेच. पहिल्या मंडलात कवी म्हणतो, पूर्वीच्या उषा ज्यांनी पाहिल्या ती माणसं गेली, आता आपण पाहतो आहोत, पुढे दुसरे पाहतील. हे बहुवचन पिढ्यांचं आहे. त्यासाठी अक्षांश बदलावा लागत नाही.

सातव्या मंडलात सूर्योदयाच्या ‘आधीचे’ पुष्कळ दिवस आहेत, असं टिळक वाचतात. तिथला ‘प्राचीनम्’ हा शब्द ‘आधी’ या अर्थाने घेता येतो, ‘पूर्वेकडे’ या अर्थानेही घेता येतो. एका शब्दाच्या दोन अर्थांतल्या एकावर हजारो मैलांचं स्थलांतर उभं करायचं असेल, तर निदान तो दुसरा अर्थ तिथे का बसत नाही, हे निर्णायकपणे दिसायला हवं. तसं दिसत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुरावे आपसात जुळतात का? इथे आपण थोडं गणित करू. घाबरू नका, शाळेतलं भूगोलाचं पुस्तक पुरेल.

टिळकांचे पुरावे एकेक घेऊन विचारा, हे पृथ्वीवर कुठे दिसेल? दहा महिने सूर्य आणि दोन महिने सूर्याविना, हे साधारण ७१ अंश उत्तरेला. शंभर रात्रींची एक रात्र, ही ७५ अंशांच्या आसपास. अदितीचे सात पुत्र म्हणजे प्रकाशाचे सात महिने असं मानलं, तर पाच महिने सूर्य नाही. त्यासाठी ८४ अंशांपर्यंत जावं लागतं. देवांचा एक दिवस म्हणजे माणसाचं वर्ष, हे अगदी ध्रुवावर. आणि क्षितिजावर गोल फिरत तीस दिवस अखंड चालणारी पहाट? ती ध्रुवापासून फार तर दोन-चार अंशांच्या आत. उलट ७१ अंशांवर भर हिवाळ्यातसुद्धा दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम चार-पाच अंश खाली असतो. म्हणजे रोज दुपारी काही तास संधिप्रकाश. तिथे दोन महिन्यांचा अखंड काळोखही नाही आणि महिन्याची अखंड पहाटही नाही.

म्हणजे दहा महिन्यांचं सत्र करणाऱ्याला तीस दिवसांची पहाट दिसणार नाही, आणि ती पहाट पाहणाऱ्याचं वर्ष दहा महिन्यांच्या प्रकाशाचं नसणार. शिवाय जमीन? ग्रीनलंडचं उत्तर टोक ८४ अंशांच्या अलीकडेच संपतं. त्यापुढे समुद्र. नान्सेनच्या ‘फ्राम’ जहाजाने १८९३ ते १८९६ च्या सफरीत तिथली खोली मोजली, ती तीन हजार मीटरांहून जास्त भरली.

टिळकांना ही विसंगती दिसत नव्हती असं समजू नका. ते उत्तर देतात: पूर्वज एकाच अक्षांशावर नव्हते, पसरलेले होते, म्हणून प्रकाशाचे महिने सातापासून दहा-अकरापर्यंत बदलतात. उत्तर सुसंगत आहे. पण त्याची किंमत बघा. आता वेदात सात आलं तरी ध्रुव, नऊ आलं तरी ध्रुव, दहा आलं तरी ध्रुव. मग कोणता आकडा आला असता तर ध्रुव नाही, असं म्हणता आलं असतं? न्यायशास्त्रात ज्या हेतूचा साध्य नसलेल्या ठिकाणीही वावर असतो, त्याला अनैकांतिक म्हणतात. साध्य असो वा नसो, हा सगळीकडे हजर. जो साक्षीदार कुठल्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, त्याची साक्ष खोटी नसेलही, पण निरुपयोगी नक्कीच असते.

आता अवेस्ता. माझ्या मते टिळकांचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. वेंदिदादच्या दुसऱ्या फर्गर्दमध्ये यिमाला भयंकर हिवाळ्यांची सूचना मिळते आणि तो ‘वर’ नावाचं आवार बांधतो. तिथे वर्ष एका दिवसासारखं वाटतं. इथे मीही थबकतो. हे ध्रुवासारखं ऐकू येतं, यात शंका नाही. पण त्याला जोडून आलेला मजकूर बघा. एका अनुवादानुसार तिथे तारे, चंद्र आणि सूर्य वर्षातून एकदाच उगवताना-मावळताना दिसतात. सूर्याचं ठीक. पण ध्रुवावर चंद्र दर महिन्याला उगवतो-मावळतो, आणि तारे तर उगवत-मावळतच नाहीत. हे ओळखचिन्ह खुद्द टिळकांनीच आधी लिहून ठेवलंय! म्हणजे तिघांपैकी एकच जुळला. दार्मस्तेतेर या फ्रेंच पंडिताने त्याच वाक्याचा अर्थ वेगळा केला: तिथे एकच उणीव, तारे-चंद्र-सूर्य दिसत नाहीत. मग ते बंदिस्त आवार झालं, स्वतःच्या दिव्यांनी उजळलेलं. त्यात वर्ष दिवसासारखं वाटेल, पण ध्रुवामुळे नव्हे. सगळ्यात मजबूत खांबसुद्धा अनुवादाच्या एका निवडीवर उभा आहे.

बाहेरचा आधार, भूगर्भशास्त्राचा. हिमयुग सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपलं, असं म्हणणाऱ्या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञांची बाजू टिळकांनी घेतली, ऐंशी हजार वर्षं म्हणणाऱ्यांची नाही. ही निवड चांगली ठरली. आज ती तारीख सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीची मानतात. पण त्यांच्या दाव्याला हिमयुगाचा शेवट पुरत नाही. त्यांना हवं आहे हिमयुगाच्या आधीचं सौम्य हवामान, आणि तेही या तारखेच्या जवळ. ते तिथे नाही. मागचा उबदार काळ सुमारे १,१५,००० वर्षांपूर्वी संपला. २१,००० वर्षांपूर्वी बर्फ कळसाला होतं, आणि ज्या काळात टिळक पूर्वजांना बर्फामुळे बाहेर काढतात, त्या काळात बर्फ मागे हटत होतं. सायबेरियात याना नदीकाठी, ७१ अंशांच्या आसपास, तीस हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती हे आज उत्खननातून कळलंय. मग काही जण लगेच म्हणतात, बघा, लोकमान्य बरोबर होते! नाही हो. माणसं तिथे राहू शकत होती, हे सिद्ध झालं. ती माणसं ऋग्वेदाच्या कवींचे पूर्वज होती आणि त्यांची आठवण सूक्तांत उरली, हे वेगळं वाक्य आहे, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

टिळकांच्याच हयातीत याची एक मजेदार परीक्षा झाली. नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली पुस्तक लिहून म्हटलं, आर्यांचं मूळ घर सप्तसिंधूच. तिथून ते ध्रुवाकडे वसाहती करायला गेले आणि बर्फ आल्यावर परत आले. ध्रुवाच्या खुणा त्याच ठेवल्या, प्रवासाची दिशा उलटी केली. पावगींचं म्हणणं बरोबर होतं असं नाही. पण तोच पुरावा दोन उलट्या दाव्यांना सारखाच चालत असेल, तर तो दोघांपैकी एकालाही निवडत नाही.

व्याख्यानाआधी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली, ती इथेच घेतो. ते विचारतात: सर, एकेक धागा कच्चा असेल, पण अनेक धाग्यांचा दोर मजबूत होत नाही का? फार चांगला प्रश्न आहे. होतो. न्यायालयात आणि इतिहासात आपण असंच करतो. पण एक अट असते. धागे वेगवेगळे कातलेले हवेत. इथे शंबराचा चाळिसावा दिवस ध्रुवीय रात्र गृहीत धरून वाचला, गाईंचे दहा महिने तीच रात्र गृहीत धरून वाचले, सात आदित्य तसेच. हे दहा साक्षीदार नाहीत; एकाच साक्षीदाराने दहा वेळा दिलेली साक्ष आहे. बाहेरून आलेले धागे दोन, अवेस्ता आणि भूगर्भशास्त्र. पहिला अर्धा जुळतो, दुसऱ्यातला नेमका गरजेचा भाग जुळत नाही.

मग निकाल काय? निकालही ‘खरं की खोटं’ असा एका घावात देऊ नये. मी तीन पायऱ्या करतो. वैदिक वाङ्मयात पहाट, काळोख, वर्षाची लांबी यांविषयी अशी काही वचनं आहेत, की जुन्या भाष्यकारांचे अर्थ तिथे समाधान देत नाहीत. हे टिळकांनी सिद्ध केलं, आणि हे त्यांचं खरं देणं. उत्तरेकडच्या लांब रात्रींची काही ऐकीव माहिती या वाङ्मयात झिरपली असेल, हे शक्य आहे, शक्य, एवढंच. आणि ध्रुवीय प्रदेश हे वैदिक पूर्वजांचं मूळ घर होतं, याला दिलेला पुरावा पुरत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. हा दावा पडला म्हणून आर्यांच्या मूळस्थानाविषयीचा दुसरा कुठलाही दावा आपोआप उभा राहत नाही, तो मध्य आशियाचा असो की इथलाच. प्रत्येकाने आपला पुरावा आपल्या पायावर उभा करायचा.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाच्या पुस्तकाची अशी चिरफाड कशाला? मी म्हणतो, ज्याने कसोटी आधी लिहून ठेवली त्याला तपासणं हाच त्याचा मान. पुस्तक न वाचता नुसतं डोक्यावर घेऊन नाचणं, हा त्याचा अपमान आहे.

जाता जाता एक काम देतो. पुस्तक ग्रंथालयात मिळेल, नेटवरही आहे. उषेचं पाचवं प्रकरण उघडा. कागदावर तीन रकाने आखा: वचन काय म्हणतं, टिळक त्यातून काय काढतात, आणि दुसरा कोणता अर्थ बसतो. तिसरा रकाना एखाद्या वचनापुढे कोराच राहिला, तर मला जरूर कळवा. त्या वचनावर आपण पुढच्या वेळी बोलू.